टिंबाआडचा संसार

पोळ्यांच्या मावशी गावी गेल्या की आमच्याकडे बदली बाई येतात. कामाला त्या चोख असतात, फक्त आमचं घर त्यांना पाठ नसतं. मग बायको चार दिवस ओट्यापाशी उभी राहून सांगत बसते. पोळ्या पातळ, यांच्या दोन बिनतुपाच्या, डब्यातल्या घडीच्या, उरलेली कणीक झाकून फ्रिजात, आणि तो काळा तवा घ्यायचा नाही, तो डोशाचा. पाचव्या दिवशी बाईंना सगळं पाठ होतं. सहाव्या दिवशी मावशी येतात.

कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम म्हणजे जन्माची बदली बाई. काल रात्री बारापर्यंत तो तुमच्याबरोबर राबलेला असतो, पण एकदा बंद केला की तुम्ही कोण, तुमचं काय, काही आठवत नाही. म्हणून सूचनांचा एक कागद लिहून ठेवायचा. प्रोग्रॅम सुरू झाला की आधी तो कागद वाचतो आणि मग कामाला हात घालतो. फोनवरच्या ॲपांचेही असे कागद असतात, पण ते कागद ती स्वतःच लिहितात आणि आपल्याला दाखवत नाहीत. मी बोलतोय ते आपल्या हाताने लिहायच्या कागदांबद्दल.

माझ्या आयुष्यातलं सर्वांत दीर्घकाळ चाललेलं लेखन अशाच एका कागदावर आहे. २००४ साली सुरू केलं, अजून अपुरं आहे. वाचक एकच, ईमॅक्स नावाचा संपादक. संपादक म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. लेख साभार परत पाठवणारा नव्हे. हा वाचक दर वेळी सुरू होताना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचतो आणि लिहिलंय तसं वागतो. असा वाचक मराठीत कुणाला मिळाल्याचं मला ठाऊक नाही.

युनिक्स या प्रणालीच्या घराण्यात या कागदांच्या नावाला बहुतेकदा ‘आरसी’ असं शेपूट असतं. बॅश या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमचा बॅशआरसी, व्हिम या संपादकाचा व्हिमआरसी. गाडीचं आरसी बुक असतं तसलंच काहीतरी असावं, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती, आणि आरटीओचा अनुभव असल्यामुळे मी खोलात गेलो नाही. खरी हकीकत अशी, की १९६०च्या दशकात एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची एक प्रणाली होती. तिच्यात लुई पूझँ या फ्रेंच गृहस्थांनी ‘रनकॉम’ नावाची सोय केली. रोज त्याच त्या आज्ञा टाइप करण्यापेक्षा त्या एका फाइलीत लिहायच्या आणि ती फाइल चालवायची. रन कमांड्स, त्याचं रनकॉम, त्याचं आरसी. सीटीएसएस कधीच निवर्तली. शेपूट मागे राहिलं.

नावाच्या शेवटी शेपूट, तसं सुरुवातीला टिंब. या टिंबाची जन्मकथा तर फारच आपल्याकडची वाटते. युनिक्सच्या प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी असतात. एक टिंब म्हणजे ‘इथेच’, दोन टिंबं म्हणजे ‘एक मजला वर’. फायलींची यादी मागितली की या दोन नोंदी उगाच मधे कडमडायच्या. तेव्हा युनिक्सचे कर्ते केन थॉम्प्सन किंवा डेनिस रिची, दोघांपैकी कुणीतरी, यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक बारीकसा इलाज केला. पहिलं अक्षर टिंब असेल तर ती नोंद गाळायची. पूर्ण नाव तपासायचा कंटाळा केला, एवढंच. पण त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाइल यादीतून नाहीशी झाली. हे २०१२ साली रॉब पाइक यांनी सांगितलं. युनिक्स जिथे जन्मलं त्या बेल लॅब्जमधलेच ते, म्हणजे घरचेच साक्षीदार, आणि सांगताना त्यांचा सूर कौतुकाचा नव्हता. एका माणसाच्या कंटाळ्यातून जगाला दिवाणाखालची जागा मिळाली. पाहुणे आले की पसारा जिथे ढकलतात ती. माझ्या होम फोल्डरमध्ये वरवर बघाल तर अकरा वस्तू आहेत. टिंबवाल्या मोजल्या तर सत्त्याण्णव.

हा पसारा आवरायला २००३ साली पुनर्वसन योजनाही निघाली. सगळ्या प्रोग्रॅमांनी आपापले कागद ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या एकाच इमारतीत हलवावेत, असं ठरलं. शहाणे हलले. ईमॅक्सने २०२० साली नव्या घराला मान्यता दिली, पण जुनं सोडलं नाही. आधी जुन्या घरी बघतं आणि तिथे काही सापडलं नाही तरच नव्या घरी जातं. बॅश तर आजही जुन्याच खोलीत आहे. आमची भाडेपावती फार पूर्वीची, म्हणतो.

माझी या प्रकाराशी पहिली भेट मात्र डॉसवर झाली. ९०च्या दशकातला कॉम्प्युटर क्लास, चपला बाहेर, एसी आत, आणि मशिनला धूळ लागेल म्हणून आम्ही सगळे पायमोजे घालून, देवळात आल्यासारखे. तिथे ऑटोएक्झेक डॉट बॅट नावाची फाइल होती. मशिन चालू झालं की तिच्यातल्या ओळी आपोआप चालायच्या. तिच्याआधी कॉन्फिग डॉट सिस. सगळी मारामारी ६४० केबी मेमरीची असायची. हायमेम आणि ईएमएम३८६ या दोन जोडीदारांना कॉन्फिग डॉट सिसमध्ये नीट बसवलं, तर बाकीची मंडळी वरच्या मजल्यावर सरकायची आणि खाली गेमला जागा व्हायची. माउसचा ड्रायव्हर वर गेला की गेम चालायचा. न गेला तर मेमरी अपुरी असल्याचा निरोप यायचा. अतिक्रमण आणि पुनर्रचना या विषयांचं माझं सगळं शिक्षण तिथेच झालं.

एकदा मी ऑटोएक्झेकच्या शेवटच्या ओळीत त्याच फाइलीचं नाव लिहून ठेवलं. मशिन चालू झालं, सूचना वाचल्या, शेवटची सूचना ‘सूचना पुन्हा वाच’ अशी निघाली, पुन्हा वाचल्या. सर येऊन बराच वेळ बघत उभे राहिले. मग शांतपणे कंट्रोल-सी दाबून त्यांनी ते थांबवलं आणि फक्त “कोण?” एवढं विचारलं. मी महिनाभर चपला सांभाळायला बाहेर होतो.

पुढे १९९३ साली डॉसची सहावी आवृत्ती आली आणि तिच्यात एफ-५ हे बटण आलं. सुरू होताना ते दाबलं, की मशिन आपले दोन्ही कागद न वाचताच सुरू व्हायचं. एफ-८ दाबलं तर प्रत्येक ओळीला ‘ही पाळू का?’ म्हणून विचारायचं. तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. वर्डला कंट्रोल दाबून उघडा, तो तुमचं काही ऐकत नाही. फायरफॉक्सला शिफ्ट दाबून उघडा, तोही नाही. व्हिमला, ईमॅक्सला, सगळ्यांना अशी एक चोरवाट दिलेली आहे. ‘मालकाने काय लिहून ठेवलंय ते वाचू नकोस, नीट चालशील’ असं सांगायची सोय प्रत्येक प्रोग्रॅम करणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली आहे. तक्रार घेऊन गेलात तरी पहिला प्रश्न तोच असतो, बिनकागदाचं उघडून बघितलंत का? डॉक्टर आधी ‘बाहेरचं काय खाल्लं होतंत?’ विचारतात, तसा.

बॅशबद्दल फार बोलत नाही, कारण त्याचा नियम मला दर दोन वर्षांनी नव्याने समजतो. पुढच्या दाराने, म्हणजे लॉगिन करून आलात, तर तो बॅश-प्रोफाइल वाचतो. आतल्या खोलीतून नुसती खिडकी उघडलीत तर बॅशआरसी. पुढच्या दारी पुन्हा तीन नावं आहेत, बॅश-प्रोफाइल, बॅश-लॉगिन आणि नुसतं प्रोफाइल. या क्रमाने जो पहिला भेटेल त्याचंच ऐकायचं. बाकीचे दोघे घरात आहेत की नाहीत, याची चौकशीसुद्धा करायची नाही. शेवटी सगळे काय करतात, तर पुढच्या दारावर पाटी लावतात, ‘आतल्या खोलीतली पाटी वाचा’. झालं, मिटलं.

ईमॅक्सचं तसं नाही. ईमॅक्स म्हणजे मोठं घर. आणि त्याच्या जन्माची गंमत मला फार उशिरा कळली. १९७०च्या दशकात एमआयटीच्या एआय लॅबमध्ये टीको नावाचा संपादक वापरत. त्यात ज्याने त्याने आपापल्या मॅक्रोंची, म्हणजे जोडून ठेवलेल्या आज्ञांची, अशी काही रचना केली होती, की दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलं तर कुठलं बटण काय करेल याचा पत्ता नसायचा. हा गोंधळ निस्तरून सगळ्यांसाठी एकच रीत करावी म्हणून आधी गाय स्टील यांनी आणि मग रिचर्ड स्टॉलमन यांनी हात घातला, आणि त्यातून १९७६ साली ईमॅक्स झालं. म्हणजे ज्याच्या त्याच्या मर्जीला आळा घालायला जे निघालं, ते आज ज्याच्या त्याच्या मर्जीचं माहेरघर आहे. आपल्याकडच्या पक्षांचा इतिहास ज्यांनी वाचलाय त्यांना यात नवल वाटायचं नाही.

ईमॅक्स सुरू होताना कुणाचं कधी ऐकायचं, याचं मानपान ठरलेलं आहे. सर्वांत आधी ‘अर्ली-इनिट’. ही पहाटेची फाइल, खिडकी उघडायच्याही आधी वाचायची. मग ‘साइट-स्टार्ट’. ही ऑफिसच्या सिस्टिमवाल्याची; सासूबाईंनी आधीच लावून ठेवलेलं घर. मग आपली फाइल. आता आपण आपल्या आवडीने सगळं मांडलं, पडदे लावले, की शेवटी ‘डिफॉल्ट’ नावाची फाइल येते आणि जाता जाता दोन वस्तू तिच्या मनाने हलवून ठेवते. आमच्या आत्या हेच करायच्या. फरक इतकाच, की डिफॉल्टला येऊ नको असं आपल्या फाइलीत एका ओळीत लिहिता येतं.

शिवाय हे ईमॅक्स आपल्या वहीत स्वतःही लिहितं. मेनूतून एखादी गोष्ट बदलली, की ते आपल्या फाइलीच्या तळाशी स्वतःचा मजकूर घालतं आणि वर टीप देतं, की हे आम्ही लिहिलंय, हाताने बदललंत तर बिघडू शकेल, जपून. वही आमची, शाई आमची, आणि दटावणी त्यांची.

सुरू होताना खालच्या पट्टीत ईमॅक्स एक माहितीची ओळ दाखवतं. ती नको असेल तर आपल्या फाइलीत तसं लिहायचं, पण नुसतं ‘नको’ म्हणून चालत नाही. स्वतःचं लॉगिन नाव घालून लिहावं लागतं, आणि तेही स्वतःच्याच फाइलीत. सिस्टिमवाल्याने सगळ्यांच्या वतीने लिहिलं तर चालत नाही. दुसऱ्याच्या फाइलीतून जसंच्या तसं उतरवलं तरी चालत नाही, नाव जुळत नाही. ‘मी, खाली सही करणार, राहणार अमुक, असे लिहून देतो की सदरहू ओळ मला दाखवू नये.’ स्टँप पेपर तेवढा मागत नाहीत.

उतरवण्यावरून आठवलं. या फायली कुणी पहिल्या ओळीपासून स्वतः लिहीत नाही. पुरणपोळीची कृती जशी कुणाच्या तरी वहीतून घेतात, तशी ही कुणाच्या तरी फाइलीतून घेतात. मी माझी पहिली फाइल कंपनीतल्या एका सीनियरकडून घेतली. पुढे तशाच उत्साहात दुसऱ्या एका मित्राकडून गिटची, म्हणजे कोडमधला बदल कुणी केला याची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंगची फाइलही उचलली. त्या फाइलीत मालकाचं नाव आणि ईमेल असतं, ते बदलायचं राहिलं. पुढचे तीन आठवडे माझ्या कोडमधल्या सगळ्या चुका त्याच्या नावावर चढत होत्या. त्याने मला जेवायला घातलं नाही हे खरं, पण बोलणं तोडलं नाही, हे मी आजही मानतो.

सीनियरकडून घेतलेल्या फाइलीत एक ओळ होती. तिच्यावर टीप होती, ‘ही काढू नये.’ का, ते लिहिलेलं नव्हतं. ओळ काय करते तेही कळत नव्हतं. मी काढली नाही.

वीस वर्षांत फाइल १,६३८ ओळींची झाली. सुरू व्हायला अकरा सेकंद लागायला लागले. किती वेळ लागला ते सांगणारी आज्ञा ईमॅक्समध्येच आहे, आणि ईमॅक्सवाले हा आकडा एकमेकांना मुलांच्या टक्क्यांसारखा सांगतात. कमी करायचे उपायही पंथागणिक. त्यातला एक असा, की ईमॅक्सला ‘सुरू होईपर्यंत कचरा उचलूच नकोस’ असं सांगायचं. एरवी साधारण ८ लाख बाइट नवी मेमरी खर्ची पडली की ते कामं थांबवून झाडलोट करतं. ती मर्यादा वाढवली की घंटागाडी उशिरा येते आणि सकाळ सुटसुटीत जाते. मी अकराचे दोन सेकंद केले. त्यासाठी तीन रविवार गेले. आता यात एक गोष्ट मी घरात बोललेलो नाही. ईमॅक्स मी महिन्यातून एकदाच सुरू करतो. एकदा सुरू केलं की बंदच करत नाही.

अशाच एका रविवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. मंगळवारी टाकी धुणार, पाणी बंद, तर दोन ओळींची नोटीस करून द्या म्हणाले. “तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम.” मी लॅपटॉप उघडला. आदल्या रात्री मी फाइलीत थोडी सुधारणा केली होती म्हणून ईमॅक्स बंद करून झोपलो होतो. सुरू केलं, तर इशारा. कुठेतरी एक कंस उघडला होता आणि मिटला नव्हता.

ईमॅक्सची फाइल लिस्प भाषेत असते. लिस्पमध्ये कंस म्हणजे लग्नातल्या आहेरासारखे, घेतला तेवढा परत करावाच लागतो. आणि ईमॅक्स फाइल वरून खाली वाचत, जेवढं समजलं तेवढं पाळत जातं. म्हणजे चारशेव्या ओळीपर्यंतचा संसार मांडून झाला होता, आणि पुढचं सगळं त्या उघड्या कंसाने गिळलं होतं. रंग माझे, फाँट माझा, पण देवनागरीची सोय ९७०व्या ओळीवर, ती आलीच नाही. मी ‘पाणी’ टाइप केलं की इंग्रजी अक्षरं उमटायची. सेक्रेटरी चष्मा पुढे सरकवून बघत होते.

“हे मराठीत येत नाही का हो?”

“येतं. फक्त आज सुरू होताना जरा…”

“माझ्या नातवाच्या फोनवर येतं.”

तेवढ्यात मुलगी आतून आली, फोन तोंडासमोर धरून तिने नोटीस बोलून घेतली, एक ‘टाकी’चं ‘ताकी’ झालं होतं तेवढं बोटाने सुधारलं, आणि ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकून पोहे खायला बसली. सेक्रेटरी उठता उठता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचं सावकाश होऊ द्या.”

मी तो कंस शोधायला बसलो. रीत अशी, की निम्मी फाइल बंद करायची, चालतंय का बघायचं, मग उरलेल्यातली निम्मी. १,६३८ ओळी म्हणजे फार तर अकरा खेपा. गणित बरोबर आहे, पण फाइल निम्मी करताना नेमका दुसरा एखादा कंस मधोमध कापला जातो आणि नवीन रडगाणं सुरू होतं. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, तेव्हा कंस सापडला. संध्याकाळी आठवलं, की न जुळणारा कंस दाखवणारी ‘चेक-पॅरेन्स’ नावाची आज्ञा ईमॅक्समध्ये आहे. मला ती माहीतही होती. नाव लक्षात राहत नाही म्हणून मी ती एका कीला जोडून ठेवली होती. ती जोडणी १,२०५व्या ओळीवर होती.

त्या रात्री मी दिवाळं काढलं. माझा शब्द नव्हे. ईमॅक्सवाल्यांत या विधीला बँकरप्सी असंच म्हणतात. साचलेली सगळी फाइल बाजूला सारायची आणि कोऱ्या पाटीने सुरुवात करायची. पण जुनी मिटवण्याआधी मला त्या ओळीचं कोडं सोडवायचं होतं. इतक्या वर्षांनी सीनियरना फोन लावला. ते आता निवृत्त आहेत, सांगलीला द्राक्षं बघतात. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, ती ‘काढू नये’वाली ओळ काय करते?

ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, “अरे, ती माझी नाही. मी जिथून फाइल घेतली तिथेच होती. मला वाटलं, तुला तरी कळलं असेल.”

माझी नवी फाइल अडतीस ओळींची आहे. देवनागरी अकराव्या ओळीवर, चेक-पॅरेन्स दुसऱ्या. पहिली ओळ ती आहे.